गाईंच्या वाट्याचा गारवा

कोल्हारला मनमाड रस्त्याच्या कडेला 'बेथेल कूलर्स' आहे. उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात पाणी तापवायचे सोलर, अशा दोन ऋतूंवर दीनानं आणि आमोसनं बावीस वर्षं दुकान चालवलं. पावसाळ्यात दोघं दुकानात बसून जुन्या कूलरच्या चौकटींत नवं गवत भरायचे आणि एकमेकांशी भांडायचे. वर्षाचा तोच काळ त्यातल्या त्यात निवांत.

मग लोक एसी घ्यायला लागले. एसी नगरच्या शोरूममधून यायचा, बसवायला कंपनीचा माणूस यायचा. बिघडला तर मोबाईलवर तक्रार करायची की दुसरा कंपनीचा माणूस यायचा. सोलरचंही तेच झालं. घर बांधतानाच ठेकेदार छतावर बसवून मोकळा. दोन वर्षांत दोन्ही ऋतू हातचे गेले, उरला पावसाळा. आणि नुसत्या भांडणावर दुकान चालत नाही.

आमोसला नगरच्या एका सर्व्हिस कंपनीनं बोलावलं होतं. वय बावन्न. नारंगी टी-शर्ट घालायचा, सावेडीत खोली घेऊन चौघांत राहायचं, मोबाईल सांगेल त्या घरी जाऊन एसी धुवायचा आणि निघताना गिऱ्हाइकाला म्हणायचं, "मॅडम, पाच स्टार द्या." आमोसनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लग्नात सासऱ्याकडे स्कूटरसुद्धा मागितली नाही. सासऱ्यानं स्वतःहूनही दिली नाही, ते सोडा. पण 'पाच स्टार द्या' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघताना दीनानं त्याला एकदा पकडलं. दुकान बंद होईल, याचं तिला एवढं नव्हतं. पण हा माणूस कुणाच्या तरी दारात उभा राहून चांदण्या मागणार, हे तिला बघवणारं नव्हतं.

म्हणून तिनं गाई धरल्या.

मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून तिला एक गोष्ट कळली होती. माणसांना गार करणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. गाईंना गार करणारं पंचक्रोशीत कुणी नाही. आणि गाई तर दारोदार. सगळ्या काळ्या-पांढऱ्या, परदेशी रक्ताच्या, थंडीत खूश राहणाऱ्या. मे महिन्यात त्या जिभा बाहेर काढून धापा टाकतात, वैरणीला तोंड लावत नाहीत आणि दूध आटतं. त्यांच्यासाठी दीनानं एक सेट जुळवला. दोन मोठे पंखे, डाळिंबाच्या रोपवाटिकेत असतात तसे धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर, आणि एक डबी. डबी गोठ्यातली हवा मोजायची, गरम झालं की मिनिटभर फॉगर सोडायची आणि आकडे दीनाच्या मोबाईलवर पाठवायची.

"गाईला एसी," आमोस म्हणाला. "उद्या म्हशीला टीव्ही."

"तुमचं तोंड बंद करायचं यंत्र निघू द्या. पहिलं गिऱ्हाईक मीच."

दूध डेअरीचे सेक्रेटरी रामहरी यांच्याकडे ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी चहा सांगितला, म्हणजे काम निम्मं झालं. "काकासाहेबाच्या मुक्त गोठ्यात लावा," ते म्हणाले. "चौदा गाई दुधात हायत, आता एकशेऐंशी लिटर घालतो. धा दिवस बघू. पंधरा लिटर वाढलं तर सभासदांच्या मीटिंगमधी मी सोता सांगन. न्हाई वाढलं तर, वैनी, सामान उचला आन् मला परत मशिनीचं नाव सांगू नका."

दीना घरी येऊन आमोसला म्हणाली, "नगरच्या लोकांना सांगा, धा दिवस थांबा."

"आन् मग?"

"मग एकतर तुमी टी-शर्ट घाला, न्हाईतर मी तुमाला गोठ्यात घालते."

काकासाहेब कालव्याच्या चारीवरच्या वस्तीवर राहायचे. माणूस हौशी. प्रगतशील शेतकरी म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र त्यांनी बैठकीत अशा जागी लावलं होतं, की पाणी प्यायला मान वर केली की दिसलंच पाहिजे. गोठा मोकळा होता. दावं नाही, वेसण नाही, मोठ्या आवारात गाई मनाला येईल तिथं फिरायच्या, बसायच्या. आवाराच्या एका अंगाला पत्र्याची शेड. सोमवारी दीनानं आणि आमोसनं त्या शेडमध्ये सेट बसवला. बटण दाबलं, पंखे घुमले, बारीक धुकं उतरलं, आणि दहा मिनिटांत शेडमध्ये महाबळेश्वर झालं. एक काळी गाय येऊन मधोमध बसली आणि डोळे मिटून रवंथ करायला लागली. काकासाहेबांच्या आई लंकाबाई काठी टेकत आल्या, गाईच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही डोळे मिटले.

"आता कसं वाटतंय, मावशी?" दीनानं विचारलं.

"गाईला इचार," लंकाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दूध एकशेऐंशी. दुसऱ्या दिवशी एकशे ब्याऐंशी. दीनानं दुकानात एकटीनंच टाळी वाजवली. तिसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याहत्तर. चौथ्या दिवशी एकशे शहात्तर. मोबाईलवर डबी मात्र सांगत होती, शेडमध्ये अठ्ठावीस डिग्री, सगळं झकास. बाहेर बेचाळीस.

दोघं रोज सकाळी वस्तीवर जायचे. चारीच्या भरावावरून आमोसची मोटरसायकल फटफट करत यायची आणि वस्तीवरचं पोरगं न् पोरगं ओरडायचं, "कूलरवाले आले." शेड बघावी तर लख्ख. शेणाचा एक पो नाही.

"काकासाहेब, सफाई लई चांगली ठेवलीय तुमी," दीना म्हणाली.

काकासाहेबांनी घसा खाकरला. "सवयच हाय आपली."

आमोसनं पंख्याचं तोंड फिरवून बघितलं. फॉगरची तोंडं बदलली. पेंड बदलली का, पाणी बदललं का, सगळं विचारून झालं. पाचव्या दिवशी दीनानं आधी फोन करून दुपारी चक्कर मारली. तेव्हाही शेड रिकामी, पंखे फिरतायत आणि गाई बाहेर कुंपणाशी उन्हात.

"गाईंना गारवा आवडत नसंल," आमोस म्हणाला.

"गारवा कुणाला आवडत न्हाई? तुमी कवा उन्हात जाऊन बसलाय का?"

"मी गाय न्हाई."

दीनानं मोबाईल काढून डबीचे आकडे परत बघितले.

सातवा दिवस रविवार. रविवारी बेथेल कूलर्स बंद, मशीन जळो नाहीतर बुडो, हे कोल्हारच काय, बाभळेश्वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक. चर्चमध्ये उपदेश चालू असताना दीनाच्या पर्समध्ये मोबाईल थरथरला. रामहरींचा निरोप होता: आज १७१. बुधवारी येतो. त्यानंतर उपदेशातला एक शब्द तिच्या कानात शिरला नाही. बाहेर आल्यावर तिनं स्कूटी काढली.

"ऐतवारी काम न्हाई करायचं," आमोसनं आठवण दिली.

"काम न्हाई करत. बघून येते. बघायला देवानं कवा बंदी केली?"

दुपारचा दीड. चारीला पाणी नाही, रस्त्यावर कुत्रं नाही. स्कूटीला फटफट आवाज नसतो आणि रविवारी वस्तीवर कुणी लक्षही ठेवत नव्हतं. दीना थेट गोठ्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

शेडमध्ये बारसं चाललं होतं.

फॉगरच्या पाइपाच्या आडव्या अँगलला पाळणा टांगला होता. त्याला झेंडूच्या माळा. पाळण्याभोवती वीस-पंचवीस बाया नव्या साड्या नेसून बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी वरून धुकं आलं की पदर सारखा करून "अगं बाई" म्हणत होत्या. एका कोपऱ्यात चार माणसं पत्ते कुटत होती. दुसऱ्या कोपऱ्यात खाटेवर लंकाबाई पंख्याकडे तोंड करून पडल्या होत्या. मधल्या गव्हाणीला पाठ टेकून, तोंड उघडं टाकून, काकासाहेब घोरत होते. आणि चौदा गाई कुंपणाच्या कडेला, कडब्याच्या गंजीच्या वीतभर सावलीत ओळीनं उभ्या होत्या. आमंत्रण नसताना मांडवाच्या दाराशी आलेल्या पाहुण्यांसारख्या. काळी गाय मान लांब करून पाळण्याकडे बघत होती.

सफाई इतकी लख्ख का, ते दीनाला कळलं. गाईच आत येत नसतील तर शेण कोण टाकणार?

पहिल्यांदा लंकाबाईंचं लक्ष गेलं. त्या उठून बसल्या. "आज ऐतवार हाय ना?"

"हाय."

"मग तू कशी काय आलीस? चर्चला न्हाई गेलीस?"

"जाऊन आले."

"मग बस." लंकाबाईंनी खाटेवर जागा केली. "उभ्यानं कुणी बारशाला येतं का? हिला घुगऱ्या द्या गं कुणी."

काकासाहेब जागे झाले, दीनाला बघितलं आणि परत डोळे मिटून घेतले. आता झोपल्याचं सोंग होतं, हे घोरणं थांबलं त्यावरून कळत होतं.

"मावशी, ही जागा गाईंची हाय," दीना म्हणाली.

"आमी कुठं न्हाई म्हंतो? गाईंना मोकळा गोठा हाय. यावं, बसावं. त्याच येत न्हाईत."

"तुमी बसलाय म्हणून येत न्हाईत. मानूस बसलं की त्या मान देऊन उठून जात्यात."

"वळनाच्या हायत," लंकाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"आन् मी यायचे तवा? खाटा कुठं जायच्या?"

"फटफटी वाजली की उचलायच्या. तू बघितलं असतंस तर म्हनली असतीस, मशीन गाईला दिली आन् मानसंच वापरत्यात, उचला. म्हनून गप ऱ्हायलो." त्या जरा खाली वाकून बोलल्या. "खोटं कशाला बोलू मी? चोरीच ती."

दीनाला ओरडायचं होतं. स्कूटीवरून येतानाच तिनं चार-दोन वाक्यं तयार ठेवली होती. पण घुगऱ्यांची वाटी हातात आली, वरून धुकं उतरलं, मानेवरचा घाम गार पडला, आणि पाच मिनिटं म्हणून टेकलेली दीना पाऊण तास उठली नाही. बाळाचं नाव कानात सांगून झालं, तिच्याही हातात पाळण्याची दोरी आली, तिनंही झोका दिला.

"पत्र्याच्या घरात साठ उन्हाळे काढले मी," लंकाबाई तिला सांगत होत्या. "दुपारी झोप म्हनून ठाव न्हाई. काकानं त्याच्या खोलीत एसी लावलाय. मला म्हनतो, ये आत. आता आत जायचं, दार लावून घ्यायचं, खिडकी लावून घ्यायची. तिकडं सून बसलेली, हिकडं मी. बोलायचं काय? धा मिनटांत दोघी बी भाईर. हितं बघ, दार न्हाई. समदी येत्यात. आट दिस झाले, दुपारची झोप लागतीया मला."

बावीस वर्षं तिनं माणसांना गारवाच विकला होता. पण कूलर घेताना गिऱ्हाईक हवा किती लांब जाते ते विचारायचं, पाणी किती लागतं ते विचारायचं. झोप लागली, असं परत येऊन कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगितलं, तर याच बाईला उठवायचं होतं.

तिनं उठवलं. पाळणा उतरल्यावर, सगळ्यांचं हळदी-कुंकू झाल्यावर तिनं साध्या शब्दांत सांगितलं. बुधवारी सेक्रेटरी येणार आहेत. दूध वाढलं नाही तर दुकान बंद होणार, आणि माझा मालक नगरला परक्यांच्या घरी एसी धुवायला जाणार.

"आमोस जानार?" लंकाबाईंनी विचारलं. "आन् ह्यो पंखा बंद पडला तर बघनार कोन?"

कुणी तक्रार केली नाही. पत्तेवाल्यांनी पत्ते गोळा केले. लंकाबाईंनी स्वतः खाटेचा एक पाय धरला.

सोमवारी दिवस उजाडायच्या आत दीनानं दुकानातला एक पंखा आणि उरलेला फॉगरचा पाइप टेम्पोत टाकला. गोठ्याच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली, आमोसनं तो खांबाला बांधला.

"आपन गाईंचं दुकान काढलं हुतं ना?" तो शिडीवरून म्हणाला.

"गाईंचंच हाय. ही माणसं त्यातला बिघाड हाय. बिघाड दुरुस्त करा."

खाटा लिंबाखाली गेल्या. शेड रिकामी झाली. पहिला तासभर गाई कुंपणाशीच उभ्या होत्या, त्यांचा विश्वास बसेना. मग काळी गाय निघाली. शेडच्या मधोमध आली, चारी बाजूंना बघितलं, आणि गुडघे मुडपून बसली. तिच्यामागे बाकीच्या.

बुधवारी तीन वाजता रामहरी आले. डेअरीच्या पावत्या त्यांनी बाजेवर ओळीनं मांडल्या. सोमवारपासून दूध चढत होतं, आज एकशेअठ्ठ्याऐंशीचा अंदाज होता. पण त्यांनी दहा दिवसांची बेरीज केली, भागाकार केला आणि मान हलवली.

"वैनी, सरासरीनं घटलंय."

"मधले दिवस धरू नका, भाऊ. तवा गाई शेडमधी बसतच नव्हत्या."

"का?"

दीनानं काकासाहेबांकडे बघितलं. काकासाहेब अंगठ्याच्या नखाकडे बघत होते. डेअरीच्या संचालक मंडळावर त्यांचं नाव होतं, बैठकीत प्रमाणपत्र होतं. गाईंच्या जागेत आम्हीच झोपलो, हे त्यांच्या तोंडून निघेना. दीना सांगू शकली असती. पण ज्यानं आपला गोठा दिला त्याला त्याच्याच दारात खाली पाहायला लावायचं, हेही तिच्याच्यानं होईना. आमोस तिच्याकडे बघत राहिला. रामहरींनी पावत्या गोळा करायला सुरुवात केली.

"सेक्रेटरी," लिंबाखालून लंकाबाईंनी हाक मारली. "त्या का बसत नव्हत्या, ते मी सांगते. हिकडं या."

"आई, तू गप," काकासाहेब म्हणाले.

"काय गप? पयल्या दिशी मी एकली झोपले गोठ्यात. दुसऱ्या दिशी चार बाया आल्या, शेवया करायला. मग पत्तेवाले. मग नातीचं बारसं केलं. आन् तू घोरत हुतास. तुझ्या घोरन्यानं तर काळी गाय पयली उठून गेली."

रामहरींनी काकासाहेबांकडे बघितलं. काकासाहेबांनी शेवटी मान डोलावली. "थंड लई वाटायचं, सेक्रेटरी."

"मानसं बसली म्हनून दूध आटलं, हे मी मीटिंगमधी सांगू?" रामहरी म्हणाले. "लोक हसतील."

"सांगू नका. बघा," दीना म्हणाली. "मावशी, खाटा आत न्या."

लंकाबाईंना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. खाटा आत गेल्या, पत्तेवाले आत गेले, दोन बाया निवडायचे गहू घेऊन गेल्या. रामहरी फाटकाशी घड्याळ लावून उभे. काळी गाय उठली. तिनं खाटेकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि चालती झाली. मग दुसरी, मग एकदम तीन. दहा मिनिटांत चौदाच्या चौदा कुंपणाशी.

"आता भाईर या," दीनानं सांगितलं. बाहेर काढायला जरा वेळ लागला. पण पाव तासानं गाई परत शेडमध्ये होत्या.

"आनखी पाच दिवस," रामहरी म्हणाले. "गोठ्यात मानूस दिसला, तर मी सगळं मीटिंगमधी सांगन. बारशासकट."

काकासाहेब पाच दिवस फाटकाशी खुर्ची टाकून बसले. स्वतःच्या आईलासुद्धा त्यांनी आत सोडलं नाही. पाचव्या दिवशी दूध एकशे सत्त्याण्णव झालं.

मीटिंगमध्ये रामहरी चार वाक्यं बोलले. सात सभासदांनी नावं दिली, बाकीच्यांनी बघू म्हटलं, आणि बघू म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात, हे दीनाला कळत होतं. सात पुष्कळ होते. आमोसनं नगरला फोन लावला आणि नारंगी रंग आपल्याला चालत नाही, असं सांगितलं. एवढंच सांगितलं. मग दुकानामागं जाऊन बराच वेळ पान्हे पुसत बसला.

पहिला सेट रामहरींच्याच गोठ्यात लागायचा होता. नाव देऊन झाल्यावर ते दारातून परत फिरले होते.

"वैनी, त्यो लिंबाखालचा पंखा. त्यो सेटमधी येतो का?"

"न्हाई, भाऊ. त्यो येगळा."

"मग घाला सेटमधी," ते हळू आवाजात म्हणाले. "आमची आई बी हाय. बायको बी हाय." मग जरा थांबून, "मी बी हायच."

पुढच्या सहाही जणांनी तेच विचारलं. मोठ्यानं कुणीच विचारलं नाही.

रामहरींच्या वस्तीवर टेम्पो पोहोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सामान उतरायच्या आत चिंचेखाली तीन खाटा पडल्या होत्या, एक चटई होती, शेजारच्या वस्तीवरून एक म्हातारी उशी घेऊन निघाली होती. गोठ्यात गाई धापा टाकत उभ्या होत्या. आमोसनं दोन्हीकडे बघितलं, ड्रिल मशीन खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "आधी कुनाचा लावू? गाईंचा का मानसांचा?"

दीना चिंचेकडे चालायलाही लागली होती.

"मानसांचा आधी," ती म्हणाली. "म्हंजे गाईंकडं कुनी फिरकनार न्हाई."